खिचडी, नळ आणि पालापाचोळा : ऐरोलीतल्या एका शाळेच्या प्रकल्प नोंदी

२० जून २०२५, शुक्रवार

हरित सेनेची या वर्षातली पहिली बैठक. सातवी ते नववीची ३२ मुलं. दरवर्षी आपण जूनमध्ये रोपं लावतो, फोटो काढतो आणि एप्रिलमध्ये त्या खड्ड्यांत काटक्या उरतात. यंदा मुलांना सांगितलं, विषय मी देणार नाही. आठवडाभर शाळेत डोळे उघडे ठेवून फिरा आणि काय वाया जातंय ते वहीत लिहा. घोषवाक्यांची स्पर्धा या वर्षी नाही. घोषवाक्यं वाईट नसतात, पण भिंतीवर एकदा रंगवली की काम झालं असं मुलांनाही वाटतं आणि आम्हा शिक्षकांनाही.

मुलांची नावं या नोंदींत लिहिणार नाही. त्यांच्या गटांच्या वह्या वेगळ्या आहेत, त्यात त्यांच्या सह्या आहेत.

२७ जून, शुक्रवार

मुलांनी आणलेल्या यादीत रिकाम्या प्रयोगशाळेत फिरणारे पंखे होते, हात धुण्याच्या जागेचा गळका नळ होता, मैदानाच्या कडेला वेफर्सची पाकिटं होती आणि टाकलेली खिचडी होती. हात वर करून मतदान घेतलं. खिचडीला सर्वांत जास्त हात. आठवीतली एक मुलगी म्हणाली, "बाई, माझी आजी ताटात एक शीतसुद्धा ठेवू देत नाही. इथे बादली भरते, बघवत नाही."

सोमवारपासून वजन करायचं ठरलं. विज्ञानाच्या कपाटातला हुकाचा स्प्रिंगकाटा काढून दिला.

४ जुलै, शुक्रवार

पाच दिवसांचं वजन हाती आलं. सहावी ते आठवीची २१० मुलं पोषण आहार घेतात. रोजचं उष्टं सरासरी ११ किलो ४०० ग्रॅम. सहावी ते आठवीसाठी माणशी १५० ग्रॅम धान्य धरलेलं असतं आणि तांदूळ शिजला की वजनाला साधारण तिप्पट होतो. मुलांनी फळ्यावर भागाकार केला. जवळजवळ २५ मुलांचं पूर्ण जेवण रोज बादलीत. उत्तर आलं तेव्हा वर्ग गप्प झाला. आठवीच्या वर्गातला अख्खा एक बाक नव्हे, रांगच्या रांग उपाशी बसवल्यासारखं.

मुलांचा निर्णय : खत करायचं. मुख्याध्यापिकाबाईंनी सायकल स्टँडच्या मागची जागा दिली. विटांमध्ये फटी ठेवून दोन हौद बांधायचे, चार फूट लांब, तीन फूट रुंद. शाळेच्या मामांनी विटा रचायला शिकवलं.

११ जुलै, शुक्रवार

वास. चार दिवसांतच असा वास सुटला की शेजारच्या सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला. त्यांचं बरोबर आहे. त्यांची स्वयंपाकघरं याच बाजूला उघडतात.

चूक माझी. मुलं उत्साहात होती आणि मी त्यांना थांबवलं नाही. खिचडी ओली, तेलकट आणि दाबून बसणारी. तिच्यात हवा शिरत नाही. हवा नसली की हवेवर जगणारे जीवाणू मरतात, बिनहवेचे वाढतात आणि कुजका वास तेच सोडतात. शिवाय नीट कुजायला नत्राच्या (नायट्रोजनच्या) एका भागाला कर्बाचे (कार्बनचे) २५ ते ३० भाग लागतात. तो कर्ब वाळक्या पानांतून मिळतो, आणि जुलैत वाळकी पानं आणायची कुठून? शाळेतली शिरीष आणि बदामाची झाडं फेब्रुवारी-मार्चमध्ये पानं टाकतात. ती पानं आम्ही गेल्या मार्चमध्ये झाडून घंटागाडीत दिली होती.

नववीतली दोन मुलं आणि मी संध्याकाळी सोसायटीच्या कार्यालयात गेलो. मुलांनी माफी मागितली, आठ दिवसांची मुदत मागितली. सेक्रेटरीकाका म्हणाले, "आठ दिवस बघतो. पण माशा थांबल्या पाहिजेत." एवढं पुरेसं होतं.

१४ जुलै, सोमवार

सगळा हौद उपसला. नाकाला रुमाल बांधून मुलांनी घमेल्यानं माल बाहेर काढला. एकानेही पाय मागे घेतला नाही, हे मुद्दाम लिहून ठेवते. पानांऐवजी काय, याचा शोध मुलांनीच लावला. सुताराकडून लाकडाचा भुसा, शहाळेवाल्याकडून नारळाची सोडणं, स्टेशनरीच्या दुकानातून पुठ्ठ्याची खोकी. सोडणं ठेचून, खोकी फाडून तळहाताएवढे तुकडे. आता एक थर उष्टं, त्यावर त्याच्या दुप्पट भुसा-पुठ्ठा. तळाला विटांचे तुकडे. दर तीन दिवसांनी खालीवर करणं. मूठ दाबली तर बोटांमधून एखादा थेंब यावा, धार लागू नये, ही ओलाव्याची खूण.

२४ जुलै, गुरुवार

सकाळी पाऊस थांबला होता. काठीला प्रयोगशाळेचा थर्मामीटर बांधून हौदाच्या मधोमध खुपसला. ५४ अंश. खालीवर करताना मधून वाफ आली, दिसेल अशी, पांढरी. सातवीतल्या मुलीनं हात पुढे केला, वाफेवर धरला आणि बराच वेळ तसाच ठेवला. मग म्हणाली, "बाई, हे जिवंत आहे." मी तिला सांगितलं की ही उष्णता जीवाणूंच्या खाण्यातून येते, आपल्या अंगाची ऊब येते तशीच. पण ते तिला माझ्याआधीच कळलं होतं.

पांढऱ्या अळ्या दिसल्या म्हणून दोघं घाबरले. त्या ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या अळ्या. ती घरमाशीसारखी अन्नावर घोंघावत नाही, आणि तिच्या अळ्या उष्टं झपाट्यानं संपवतात. त्यांना राहू दिलं.

वास नाही. सेक्रेटरीकाका स्वतः येऊन बघून गेले.

३१ जुलै, गुरुवार

आजची बैठक मी विसरणार नाही. खत जमतंय म्हणून मी मुलांचं कौतुक करत होते. मध्येच आजीची गोष्ट सांगणारी ती आठवीतली मुलगी उभी राहिली. "बाई, आपण टाकलेल्याचं खत करतोय. पण का टाकतात ते विचारलंच नाही." मग दुसरा म्हणाला की आता उष्टं टाकताना मुलं म्हणतात, टाक रे, खत होतंय.

हे ऐकून मी खाली बसले. खताचा हौद आहे म्हणून ताटातलं टाकणं सोपं झालं असेल, तर आम्ही चांगलं काम केलं नाही. शेतात भात पिकवायला पाणी, मजुरी, खत लागतं, मग गिरणी, टेम्पो, गॅस, बचत गटाच्या मावशींचे पहाटेपासूनचे कष्ट. एवढं सगळं करून पुन्हा त्याचं खतच करायचं?

स्टाफरूममध्ये कारण सगळ्यांना माहीत होतं : मुलांना चव आवडत नाही, त्यांना चटकमटक हवं. मीही हेच म्हणत आले. मुलांनी ठरवलं, विचारून बघायचं.

६ ऑगस्ट, बुधवार

मुलांनी साठ जणांना विचारलं. चव आवडत नाही म्हणणारे तेरा. वेळ पुरत नाही म्हणणारे चौतीस. बाकीच्यांची उत्तरं वेगवेगळी.

वेळ का पुरत नाही? मधली सुट्टी तीस मिनिटांची आहे. चार मुलं मोबाइलचं स्टॉपवॉच घेऊन हात धुण्याच्या जागेशी उभी राहिली (मोबाइल माझा). सहा नळ. दोन बंद, तोंडाला फडकं बांधलेले. एकाची चावी फिरत नाही आणि तो सतत गळतो. म्हणजे चालू तीनच. एका मुलाला हात धुवायला सरासरी २० सेकंद. २१० मुलं, तीन नळ. गणित मुलांनी केलं : १,४०० सेकंद. तेवीस मिनिटं वीस सेकंद.

शेवटचा मुलगा हात धुऊन रांगेत येतो, ताट घेतो आणि पाच-सहा घास खाईपर्यंत घंटा होते. तो ताट बादलीत उलटं करतो, वर्गाकडे पळतो आणि आम्ही म्हणतो मुलांना अन्नाची किंमत नाही.

वर्षानुवर्षं मी त्या नळांसमोरून जातेय.

गळका नळही मोजला. लिटरची बाटली चार मिनिटांत भरते. तासाला १५ लिटर, दिवसाला ३६० लिटर. दिवसाच्या शाळेत माणशी ४५ लिटर पाणी धरतात. म्हणजे आठ मुलांचं पूर्ण दिवसाचं पाणी एका चावीतून. हे पाणी खालापूरच्या बाजूला मोरबे धरणातून इतक्या लांब येतं, शुद्ध होऊन येतं आणि आमच्या गटारात जातं.

१३ ऑगस्ट, बुधवार

नळदुरुस्ती. प्लंबर बोलवायचा अर्ज गेल्या वर्षीपासून पडून आहे, कुणाच्या टेबलावर ते शोधण्यात वेळ घालवला नाही. मामा म्हणाले, "वायसरच गेलेत बाई, मी करतो." मुलांनी म्हटलं, आम्हाला शिकवा. टाकीचा कॉक बंद केला, पान्यानं वरचा भाग सैल केला, स्पिंडल बाहेर. त्याच्या टोकाला रबरी वायसर, इतका झिजलेला की कडा राहिलीच नव्हती. नवा बसवला, आट्यांवर टेफ्लॉन टेप गुंडाळली, घट्ट केलं. पहिला नळ मामांनी, दुसरा मामांच्या देखरेखीत, तिसरा दोन मुलींनी एकट्यांनी. त्या तिसऱ्या नळाची चावी फिरवताना त्यांचे चेहरे बघायला पालक असायला हवे होते.

सहाही नळ चालू. आता हिशेब अकरा मिनिटं चाळीस सेकंदांचा. शिवाय मुलांनी मुख्याध्यापिकाबाईंना अर्ज दिला : सहावीला पाच मिनिटं आधी सोडावं. बाईंनी तिथल्या तिथे सही केली.

२० ऑगस्ट, बुधवार

काल पावसामुळे शाळा बंद. आज आलो तर दोन्ही हौद पाण्यात. पाच आठवड्यांचा माल काळ्या चहासारखा होऊन वाहून गेला. सातवीची पोरं रडवेली झाली. सायकल स्टँडच्या मागे उतार आपल्याच बाजूला आहे, हे बांधताना पाहायला हवं होतं.

जे वाचलं ते गोण्यांत भरलं. हौद आता एक हात उंच करायचे, वर बांबूवर ताडपत्री. दोन दिवस जातील.

९ सप्टेंबर, मंगळवार

गणपती झाले. सोसायटीनं स्वतःहून विचारलं, आमच्या घरगुती गणपतींचं निर्माल्य घ्याल का? हाच तो जुलैचा फोन करणारा पत्ता. मुलांनी तीन पोती आणली. वेचायला आणण्यापेक्षा जास्त वेळ गेला. हारांतले दोरे, जरीच्या पट्ट्या, थर्मोकोलचे मणी, फुलांना मारलेल्या स्टेपलरच्या पिना. झेंडू आणि दूर्वा तेवढ्या हौदात. पिना एका डबीत भरून ठेवल्या, पुढच्या वर्षी सोसायटीच्या सूचनाफलकाखाली ठेवायच्या आहेत.

२६ सप्टेंबर, शुक्रवार

महिन्याचं वजन. रोजची सरासरी ४ किलो १०० ग्रॅम.

नळांमुळे वेळ मिळाला, आणि वेळ मिळाल्यामुळे दुसरी गोष्ट जमली. आधी मावशी ताट एकदाच भरून वाढायच्या, कारण पुन्हा यायला कुणाला सवडच नव्हती. आता आधी एक डाव, मग लागेल तेवढं. ही कल्पना मुलांची. मावशींना पटवायला मीच जाणार होते, पण मुलं आधीच बोलून आली होती. एक मावशी म्हणाल्या, "इतकी वर्षं बादली आम्हीच उचलतो. आम्हाला काय बरं वाटतं व्हय?"

मटकीच्या दिवशी मात्र आकडा अजून चढतो, सात किलोच्या वर. मुलांनी विचारलं तर उत्तर एकच : दाणे कच्चे लागतात. मावशींनी सांगितलं, मटकी कधी कधी उशिरा येते, भिजायला रात्र मिळत नाही. म्हणजे हेही चवीचं नाही, वेळेचंच. पुरवठा करणाऱ्यांना मुख्याध्यापिकाबाईंनी पत्र पाठवलं आहे.

१० ऑक्टोबर, शुक्रवार

चाचणी परीक्षा. फक्त वजन आणि खालीवर. मटकी या आठवड्यात आदल्या दिवशी दुपारीच आली. उष्टं साडेतीन किलो. पत्राचं उत्तर आलेलं नाही, पण मटकी आली.

१४ नोव्हेंबर, शुक्रवार

दिवाळीची सुट्टी संपवून आलो. पहिला हौद तयार. माल काळसर, भुसभुशीत, पहिल्या पावसानंतरच्या मातीचा वास. वाळूच्या चाळणीनं चाळला. दोन गोण्या सोसायटीच्या कुंड्यांना दिल्या, उरलेलं शाळेच्या झाडांना. जूनमध्ये लावलेल्या बारा रोपांपैकी नऊ जगली आहेत.

आज पाहणीसाठी बाहेरून आलेल्या एका व्यक्तीनं विचारलं, दुसरा हौद अर्धा रिकामा का? प्रकल्प थंडावला का? मी काही बोलायच्या आत नववीचा मुलगा म्हणाला, "नाही सर, तो रिकामा राहावा म्हणूनच प्रकल्प आहे." आणि त्यानं वजनाची वही पुढे केली. त्या व्यक्तीनं ती पहिल्या पानापासून वाचली, हे नमूद करते.

१७ जानेवारी २०२६, शनिवार

ऐरोलीच्या किनारी व सागरी जैवविविधता केंद्रात सगळ्या गटांना नेलं. ठाणे खाडीचा हा भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य आहे, २०२२ मध्ये ठाणे खाडी रामसर स्थळांच्या, म्हणजे जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली. आमच्यातली निम्मी मुलं खाडीपासून दोन किलोमीटरवर राहतात आणि त्यांनी रोहित पक्षी फक्त पुस्तकात पाहिले होते. ओहोटीला चिखलावर ते मान खाली घालून, चोच उलटी धरून पाणी गाळत होते. गुलाबी रंग त्यांना शैवालासारख्या खाण्यातून मिळतो. पिल्लं राखाडी असतात, हे ऐकून मुलांना विश्वास बसेना.

पण मुलं थबकली ती तिवरांपाशी, म्हणजे खारफुटीच्या झाडांपाशी. तिवराची श्वसनमुळं चिखलातून पेन्सिलींसारखी वर येतात, कारण चिखलात प्राणवायू नसतो. झाड त्या मुळांनी श्वास घेतं. एका मुळावर काहीतरी टोपीसारखं बसलं होतं. मार्गदर्शक ताईंच्या परवानगीनं सातवीच्या मुलीनं वाकून ते काढलं. दुधाच्या पिशवीचा कापलेला कोपरा. नखाएवढा तिकोनी तुकडा, मुळाच्या टोकावर बरोब्बर बसलेला. मग सगळ्यांना तसेच तुकडे दिसायला लागले. दहा मिनिटांत, काठावर उभं राहून हाताला लागतील तेवढेच वेचले. ४१ झाले.

परतताना बसमध्ये कुणी गाणी म्हटली नाहीत. मुलं घरच्या कात्रीबद्दल बोलत होती.

२३ जानेवारी, शुक्रवार

मुलांनी घरोघर एकच गोष्ट सांगायची ठरवली : पिशवीचा कोपरा कापून वेगळा करायचा नाही. चीर द्यायची, तुकडा पिशवीलाच लटकत ठेवायचा. पिशवी धुऊन, वाळवून भंगारवाल्याला. सुटा कोपरा कुठल्याही चाळणीत अडकत नाही, झाडूत सापडत नाही, गटारातून नाल्यात आणि नाल्यातून खाडीत जातो. १३० घरांतून प्रत्येकी एक पिशवी पुरावा म्हणून आली, कोपऱ्यासकट. मी स्वतः इतकी वर्षं तो तुकडा कापून ओट्यावर टाकत आले. आता नाही.

१८ फेब्रुवारी, बुधवार

बदामाची पानं लाल होऊन गळायला लागली, शिरीषही पिवळा झालाय. जुलैचा धडा सगळ्यांच्या लक्षात आहे. रोज सकाळी प्रार्थनेआधी दहा मिनिटं खराटा. पानं वाळवून, पायांनी तुडवून गोण्यांत. एकोणतीस गोण्या झाल्या, चाळीस करायच्या आहेत. जागा नाही म्हणून पी.टी.च्या सरांनी क्रीडासाहित्याच्या खोलीचा अर्धा भाग मोकळा करून दिला. गोण्यांवर खडूनं लिहिलंय : "जून २०२६. घंटागाडीत देऊ नये."

२७ फेब्रुवारी, शुक्रवार

नववीची मुलं आता दहावीत जातील, त्यांना वेळ मिळणार नाही. आज त्यांनी वह्या सहावीच्या मुलांकडे सोपवल्या. स्प्रिंगकाटा, थर्मामीटरची काठी, पाना, वायसरची डबी. कुठला हौद कधी खालीवर करायचा, सोसायटीचा फोन नंबर, मटकी उशिरा आली तर कुणाला सांगायचं, सगळं एका पानावर त्यांनीच लिहून दिलं. या आठवड्याची सरासरी ३ किलो २०० ग्रॅम.

मधल्या सुट्टीत चौथ्या नळाखाली थेंब पडताना दिसला. मी मामांना हाक मारायला वळले, तोवर सहावीतली एक मुलगी बाटली लावून बसली होती आणि दुसरी पाना घेऊन येत होती. पहिली म्हणाली, "थांब, आधी मोजू दे."